पुलावरचा आकडा

कोयनेतून विसर्ग वाढला की सांगलीत दोनच प्रश्न उरतात. आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या पुलाच्या पट्टीवर, पाणी किती? आणि चढतंय की उतरतंय? ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. किती फुटांना कुठल्या प्लॉटात पाणी शिरतं, गाद्या माळ्यावर कधी टाकायच्या, म्हातारी माणसं पाहुण्यांकडे कधी हलवायची, हे घराघरात ठरलेलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला, तेव्हापासून तर पावसाळ्यात सकाळी चहाआधी तो बघायची अनेकांना सवयच लागली.

मनाच्या बाबतीत मात्र हा हिशोबी स्वभाव कुठं जातो कोण जाणे. तिथं "किती" हे कुणी विचारतच नाही. एकतर "काय झालंय तुला, सगळं हाय की!" म्हणून विषय संपतो, नाहीतर थेट "कुणाकडं दाखवू?" असा प्रश्न येतो. मग कुणीतरी भावकीतल्या कुणाला गुण आलेल्या डॉक्टरांचं नाव सांगतं, कुणी "चार दिवस मामाकडं जाऊन ये" म्हणतं, कुणी अमावस्येला कुठंतरी नारळ द्यायला सांगतं. तीन महिने जातात आणि पाणी किती चढलंय हे कुणीच बघितलेलं नसतं.

पट्टी आहे, आणि ती फुकट आहे. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली २००१ पासून जगभर वापरली जाते, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस न वाटणं, उदास वाटणं, झोप बिघडणं, थकवा, भूक कमी-जास्त होणं, स्वतःविषयी वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा उलट जागेवर बसवेना अशी तगमग होणं, आणि मेलेलं बरं असे विचार येणं, यातला प्रत्येक त्रास किती दिवस होता एवढंच ती विचारते. अजिबात नाही म्हणजे ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज २७ पर्यंत जाते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र, २० पासून तीव्र. काळजी आणि धास्तीसाठी जीएडी-७ आहे: सात प्रश्न, कमाल २१, आणि ५, १०, १५ असे टप्पे. दोन्ही भरायला मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत. साधारणपणे १० च्या पुढं गेलं की घरगुती उपायांवर न थांबता तज्ज्ञाला दाखवावं. आकडा त्याखाली असला, पण माणसाला कामावर जाता येत नसेल, स्वयंपाक होत नसेल, तरीही दाखवावंच.

चूक होते ती भरण्यात. "मागचे दोन आठवडे" सोडून "आजचा दिवस" भरला जातो. बायको नवऱ्याच्या वतीने भरते. किंवा डॉक्टरांपुढे लाजून सगळीकडे १ टाकला जातो. शिवाय पीएचक्यूच्या नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरीज बाजूला ठेवायची आणि आधी त्याविषयी बोलायचं. बेरीज ६ असली तरी.

पण पट्टी फक्त उंची सांगते. पाणी कोयनेचं, वारणेचं की गावातल्याच पावसाचं, हे तिला कळत नाही. थायरॉईड मंदावलं, रक्त कमी झालं, बी-१२ उतरलं तरी थकवा, उदासी, विसराळूपणा असाच चेहरा दिसतो. म्हणून थायरॉईडची टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर एकदा तपासून घेतलेली बरी. रोज संध्याकाळी "दोनच पेग" घेणाऱ्याची झोप आणि मूड दोन्ही त्या पेगांनीच बिघडवलेले असतात; ते लपवून घेतलेला कुठलाही उपचार लंगडाच पडतो. बाळंतपणानंतरचं नैराश्य "पहिलं बाळ आहे, होतं असं" म्हणून झाकलं जातं. आणि एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर आपणच सांगावा: यापूर्वी कधी असे चार-आठ दिवस आले होते का, की झोप तीन तासच होती तरी अंगात भलतीच ताकद, बोलणं थांबेना, पैसा उधळला, मोठमोठे बेत केले? तसं असेल तर आजार वेगळा असू शकतो, आणि नुसती नैराश्याची गोळी देऊन तो उलट उसळू शकतो.

आता "कुणाकडं" या प्रश्नाला अर्थ येतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीपीएम किंवा डीएनबी केलेले डॉक्टर. ते औषध लिहू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाने एमफिल किंवा तत्सम प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काही वावगं नाही. तो थेरपी देतो, गोळ्या नाही. समुपदेशक या शब्दाखाली मात्र एमए, एमएसडब्ल्यू झालेल्या उत्तम माणसांपासून आठवड्याचा ऑनलाइन कोर्स केलेल्यांपर्यंत सगळे येतात. त्यामुळे पाटी बघून भुलू नये. ही माणसं कामाची नसतात असं नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करणाऱ्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. तीन महिन्यांनी पीएचक्यू-९ चा आकडा १० च्या खाली आलेले रुग्ण त्या गटात ६४ टक्के होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. तेव्हा पदवीइतकंच, नेमकी कुठली पद्धत आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे बघावं.

त्या गोव्याच्या उपचाराचा गाभा फार साधा आहे. त्याला वर्तन-सक्रियता म्हणतात, आणि नैराश्यात मला तरी तीच सगळ्यात आधी करून बघण्यासारखी वाटते. समजा, तासगाव तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार आहे. अवकाळीनं माल गेला, दोन महिने झाले, माणूस बागेकडे फिरकलेला नाही. पहिल्या आठवड्यात त्याला काहीही बदलायला सांगत नाहीत. वहीत तासातासाला काय केलं ते लिहायचं, आणि पुढं दोन आकडे टाकायचे: बरं किती वाटलं आणि जमलं किती, दोन्ही ० ते १० मध्ये. "७ ते ८, पडून, मोबाइल. बरं १, जमलं ०." "११, चुलतभावाचा ट्रॅक्टर सुरू करून दिला. बरं ३, जमलं ६." आठवडाभराची पानं बघितली की दिसतं, दिवसातला सगळ्यात वाईट तास हा अंथरुणात पडल्याचा आहे, आणि आकडा जरा वर गेला तो दुसऱ्याला हात दिला तेव्हा. हे त्याला कुणी सांगून पटलं नसतं.

दुसऱ्या आठवड्यापासून कामं ठरवायची, पण फार बारीक. "बागेत जायचं" हे काम नव्हे, तो डोंगर झाला. "साडेसातला बांधापर्यंत चालत जाऊन परत यायचं, दहा मिनिटं, चपला रात्रीच दाराशी काढून ठेवायच्या" हे काम. इच्छा झाली की जाईन, असं म्हणायचं नाही. नैराश्यात इच्छा कामाच्या आधी येत नाही, मागून येते, तीही उशिरा. रोज असली दोन-तीन कामं पुरतात, त्यात एखादं तरी निव्वळ आवडीचं हवं: भजनाला जाऊन बसणं, पारावर दोन डाव पत्ते, नातीला शाळेत सोडणं. सगळी कर्तव्यंच भरली की तो तक्ता मुकादमाची हजेरी होतो आणि चौथ्या दिवशी वही बंद पडते. आणखी एक गोष्ट हमखास बिघडवते: घरच्यांनी तो तक्ता टोमण्यासाठी वापरणं. "लिहिलंय की, मग जा की आता!" वही त्याची, बघायची त्यानं आणि थेरपिस्टनं.

विचारांवर काम करणाऱ्या पद्धती नैराश्यात आणि चिंतेत दोन्हीकडे चालतात. ॲरन बेक यांची सीबीटी (विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी थेरपी) आणि अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत ही त्यातली मोठी नावं. एलिस यांची पद्धत मराठीत रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. तिचं वर्म मराठीत एका अक्षरात सापडतं. "पोराला मेडिकलला नंबर लागावा" ही इच्छा झाली. "लागलाच पाहिजे" ही मागणी. त्या "च"ला हात घालायचा. इथं लोकांचा गैरसमज असा की यात "पॉझिटिव्ह विचार करा" असं सांगतात. तसं सांगत असतील तर ती सीबीटी नाही. खऱ्या बैठकीत विचार कागदावर उतरवतात, त्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा मांडतात, आणि आठवडाभरात तो तपासायला एखादा प्रयोग देतात. बैठक ४५ ते ६० मिनिटांची, आठवड्याला एक, साधारण ६ ते २०. गृहपाठ नसेल तर नुसत्या गप्पा चाललेत असं समजा. गप्पांनीही बरं वाटतं, नाही असं नाही. पण मग त्याला थेरपीची फी कशाला?

धास्तीच्या झटक्यांचा प्रकार निराळा. अचानक धडधड, घाम, छातीत आवळणं, आता मरतोय असं वाटणं. माणूस आधी हृदयाच्या डॉक्टरकडे जातो आणि ते योग्यच आहे. पहिल्या वेळी ईसीजी व्हायलाच हवा. पण तो नॉर्मल आल्यावर पुन्हा पुन्हा तिसरा, चौथा ईसीजी आणि टूडी इको काढत राहणं म्हणजे भीतीला खतपाणी. मिरजेत हाकेच्या अंतरावर दवाखाने असल्यानं हा मोह फार. झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि आपोआप उतरतो. पण माणूस त्याआधीच पळ काढतो, आणि आपण पळालो म्हणून वाचलो असं त्याला वाटत राहतं. म्हणून उपचार म्हणजे पायरी पायरीनं तिथंच जाणं.

सांगली-मिरज एसटीत झटका आला आणि तेव्हापासून बाई बसच टाळतेय असं धरू. तिच्याकडून ० ते १०० भीतीचे आकडे घेत शिडी बांधतात. स्टँडवर उभं राहून पंधरा मिनिटं बस बघणं, ३०. उभ्या बसमध्ये चढून बसणं, ४०. बहिणीबरोबर पुष्पराज चौकापर्यंत जाणं, ५०. तेवढंच एकटीनं, ६५. विश्रामबागेपर्यंत एकटीनं, ७५. सकाळच्या गर्दीत उभ्यानं थेट मिरज, ९५. जाण्याआधी लिहायचं, "काय होईल असं वाटतंय?" आणि उतरल्यावर, "काय झालं?" पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा करायची, भीती आपणहून उतरायला लागेपर्यंत थांबायचं, आणि ती पायरी कंटाळवाणी झाली की पुढची. सगळी खोच आहे ती चोरट्या कुबड्यांत: हातातली पाण्याची बाटली, पर्समधली अर्धी गोळी, दाराजवळचीच सीट, वाटभर नवऱ्याला लावलेला फोन. त्यांच्या जोरावर बाई मिरजेला पोहोचते, पण मनात नोंद होते ती बाटलीनं वाचवल्याची. म्हणून कुबड्याही एकेक करून काढायच्या. शरीर ठणठणीत आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यावर काही थेरपिस्ट खोलीतच जिने चढायला, जागेवर गरगर फिरायला लावून धडधड मुद्दाम आणतात. बघणाऱ्याला तो छळ वाटतो. पण धडधड म्हणजे मरण नव्हे, हे छातीला असंच शिकवावं लागतं.

पुन्हा पुन्हा हात धुणं, कडी-गॅस तपासणं या ओसीडीतही अशीच शिडी असते, फक्त तिथं विटाळ लागला असं वाटूनही हात न धुता थांबायचं असतं. तिथं "विचार करू नकोस", "मन दुसरीकडे गुंतव" असा सल्ला देणारा समुपदेशक नकळत आजार वाढवतो, आणि "गॅस बंद केलाय ना?" याला दहाव्यांदा "हो" म्हणणारे घरचेही.

झोपेचंही स्वतंत्र तंत्र आहे. गादी फक्त झोपेसाठी, वीस-पंचवीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत, उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच, दुपारची वामकुक्षी बंद. पहिले दहा दिवस हाल होतात, मग बसतं. महापुरासारख्या आपत्तीनंतर मात्र घाई करू नये. सगळ्यांना गोळा करून एकाच बैठकीत "मोकळं व्हा" म्हणणं उपयोगाचं ठरत नाही. घर, कागदपत्रं, पंचनाम्याचे पैसे यांची व्यवस्था हाच बहुतेकांचा पहिला उपचार. महिन्यानंतरही पाण्याचा आवाज आला की दचकणं, तीच स्वप्नं, नदीकाठ टाळणं चालू राहिलं, तर आघातावर काम करणारी सीबीटी किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी आघातावरची थेरपी) येणारा माणूस शोधावा.

गोळ्यांविषयी थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त उपचार इथंच वाया जातात. सर्ट्रालिन, एसिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन ही नैराश्य आणि चिंतेवरची नेहमीची औषधं. आकडा १५ च्या पुढं असेल, किंवा थेरपी परवडत नसेल, जवळ नसेल, तर ती घेण्यात कमीपणा नाही. तीव्र नैराश्यात दोन्ही एकत्र असावं. यांनी सवय लागत नाही. पण पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ जुलाब, डोकेदुखी, थोडी जास्तच तगमग होते, आणि फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पूर्ण अंदाज सहा आठवड्यांनी. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. दहाव्या दिवशी गोळी सोडणारे बहुतेक या फटीत पडतात. धास्तीच्या रुग्णाला म्हणूनच निम्म्या मात्रेनं सुरुवात करतात. ओसीडीला मात्रा जास्त आणि धीर आठ ते बारा आठवड्यांचा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी लक्ष ठेवावं, मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना सांगावं. लैंगिक इच्छा कमी होते, हेही आपणच सांगावं लागतं. डॉक्टर गर्दीत विचारत नाहीत आणि माणूस लाजून गोळीच बंद करतो. बरं वाटल्यावर पुढं किमान सहा महिने, बऱ्याचदा वर्षभर चालू ठेवायची, आणि सोडताना डॉक्टरांच्या हिशोबानं हळूहळू उतरवायची. एकदम सोडली तर चक्कर, झटका बसल्यासारख्या झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात, "बघ, सवय लागली होती." सवय लागते ती दुसऱ्याच गोळ्यांची, अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपामची. त्या पंधरा दिवस, तीन आठवडे चांगल्या. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं आणलेली "झोपेची अर्धी गोळी" ही वेगळीच कटकट होऊन बसते, आणि तीही एकदम सोडायची नसते.

पहिल्या भेटीत विचारावं: मला काय झालंय असं तुम्हाला वाटतं, कुठली पद्धत वापरणार, साधारण किती बैठका, आणि फरक पडतोय हे कशावरून ठरवायचं? चांगला माणूस या प्रश्नांनी खूश होतो. खोलीत सासू, दीर, नवरा सगळे बसलेले असतील तर निम्मा वेळ तरी एकट्यानं मागून घ्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. चार ते सहा बैठका किंवा सहा आठवडे पूर्ण औषध झाल्यावर पट्टी पुन्हा लावायची. आकडा निम्म्यावर आला तर छान. पाचेक गुणांनी उतरला तर वाट बरोबर आहे. जिथल्या तिथं असेल तर गोळी नियमित घेतली का, गृहपाठ झाला का, निदान बरोबर आहे का, दारू चालू आहे का, हे त्याच क्रमानं तपासायचं आणि मग पद्धत किंवा माणूस बदलायचा. दोन आठवड्यांत तीन डॉक्टर बदलणारा आणि दोन वर्षं त्याच चिठ्ठीवर राहणारा, दोघंही न मोजता चाललेले असतात.

पैशांचं म्हणाल, तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली मिरज आणि सांगलीची सरकारी रुग्णालयं आहेत; मानसोपचार ओपीडीसाठी सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा, जुन्या चिठ्ठ्या आणि भरलेली प्रश्नावली बरोबर न्यावी. रांगेनंतर पाच-सातच मिनिटं मिळतात, तिथं तो कागद फार बोलतो. जत, आटपाडीकडून दर आठवड्याला येणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत. आरोग्यविम्यात मानसिक आजार वगळता येत नाहीत. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, म्हणून बैठकांची फी धरून चालावी, आणि ती कमी होईल का हे निःसंकोच विचारावं.

आमच्याकडे फवारणीच्या विषालाही "औषध"च म्हणतात. नवव्या प्रश्नाला होकार आलेल्या घरात ते औषध त्याच दिवशी हलवायचं: कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, नाहीतर सरळ शेजाऱ्याच्या शेडमध्ये. मरणाची उबळ पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात डबा हाताशी नसणं यानं जीव वाचतात. गोळ्यांची पाकिटंही आठवड्यापुरतीच घरात ठेवावीत. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते नव्यानं शिरत नाही, उलट सुटल्यासारखं होतं. बेत ठरलेला दिसला तर माणसाला एकटं सोडायचं नाही, १४४१६ किंवा ११२ ला फोन, आणि थेट दवाखाना. कुणी काही करून बसलंच तर पोलीस केसच्या भीतीनं वेळ घालवू नये. त्या माणसाला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे, अशीच कायद्याची भूमिका आहे.

पट्टी कुठं लिहून ठेवायची याला खास वही लागत नाही. दिनदर्शिकेवर दुधाचा हिशोब असतोच. दर दुसऱ्या रविवारी, अर्धा लिटर, पाऊण लिटरच्या शेजारी एक आकडा: १८, १६, १९, १२. ज्या रविवारी १९ आलाय त्याच्याखाली बारीक अक्षरात, "गोळी संपलेली, चार दिवस चुकली."